पिसाऱ्याआडचा पक्षी

दरवर्षी मार्च महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, सकाळी नऊच्या सुमारास, मध्य मिसूरीतील एका लहान गावाच्या सार्वजनिक सभागृहात, जस्ताचा पत्रा ठोकलेल्या एका लांब मेजावर मी रानटर्कीचा एक मृत नर आणून ठेवते. बहुधा तो रस्त्यावर मोटारीखाली सापडून मेलेला असतो, आणि संवर्धन खात्याच्या अंमलदाराने रीतसर लेखी परवानगी दिल्यावर महिना-दोन महिने माझ्या शीतपेटीत राहिलेला असतो. त्याच्या उजव्या अंगावरची पिसे आदल्या रात्री मी बसून एकेक करून काढते. डाव्या अंगाला मात्र हात लावत नाही. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना प्रथम ही डावी बाजूच दिसते: तांब्याची, हिरव्या काचेची आणि जुन्या पितळेची झळाळी एकाच पिसात दाखवणारी, प्रत्येक पिसाला मखमली काळी किनार असलेली, आणि हा पक्षी इतका दांडगा व भरगच्च आहे की त्यावरचा नेम चुकणार तरी कसा, अशी खात्री पाहणाऱ्याच्या मनात उत्पन्न करणारी. मग मी पक्षी फिरवते. पिसे गेलेल्या बाजूला उरते ते एक निमुळते, फिकट गुलाबी अंग, पुढे छातीचा मोठा उंचवटा, मागे दोन बळकट मांड्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये, पाठीच्या कण्यालगत, तळहाताने सहज झाकता येईल एवढी जागा.

पक्षी फिरवण्यापूर्वी मी आणखी एक गोष्ट करवून घेते. माझ्या पिशवीत विणकामाच्या बारा लांब सुया असतात. बारा विद्यार्थ्यांना पुढे बोलावून, पिसांच्या बाजूने, आपण जेथे नेम धरला असता तेथे सुई आरपार घालावयास मी सांगते. त्यांतील बरेचजण पोक्त शिकारी असतात, कित्येकांनी बाणाने हरणे टिपलेली असतात, आणि हात न कापता, मनाशी काही हिशेब करून, ते सुई घालतात. नंतर मी शस्त्राने पक्षी उघडते आणि कोणती सुई कोठे पोचली ते एकेक करून दाखवते. बारांपैकी तीन किंवा चार सुया हृदयाला वा फुफ्फुसांना स्पर्श करून गेल्या तर तो वर्ग मी चांगला समजते. उरलेल्या छातीच्या मांसात, गळ्यातल्या धान्याच्या पिशवीत, किंवा नुसत्या पिसांत अडकलेल्या असतात.

मी पशुवैद्य आहे. परळच्या 1886 साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझे शिक्षण झाले, आणि कोंबड्यांच्या रोगांचा पुढील अभ्यास करण्यासाठी 1992 साली मी मिसूरीत आले ती कायमचीच. टर्कीच्या उत्पादनात हे राज्य अग्रेसर राज्यांपैकी एक असल्यामुळे, निदानशाळेतील माझ्या नोकरीचा पहिला तास रोज सकाळी शेतकऱ्यांनी आणून टाकलेल्या मृत पक्ष्यांच्या शवविच्छेदनात जात असे. पक्ष्याच्या अंतर्भागाचा नकाशा माझ्या डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक पाठ आहे, असे मी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. तरीही ज्या दिवशी त्या ज्ञानाची मला सर्वांत अधिक गरज होती त्या दिवशी ते माझ्या उपयोगी पडले नाही. हे का झाले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

या पक्ष्याशी आपला संबंध वाटतो तितका नवा नाही. मेक्सिकोत माणसाळलेला हा पक्षी स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेला. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘पेरू’ असे आहे, आणि 1612 साली मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहाकडे ज्या अपूर्व वस्तू आणल्या त्यांत एक टर्कीचा नर होता. बादशहाच्या हुकमावरून उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र रेखाटले. मात्र ज्या अमेरिकेचा हा मूळ रहिवासी, तेथे रानात तो जवळजवळ संपला होता. विसाव्या शतकाच्या मध्यास संपूर्ण मिसूरीत अडीच हजारांहूनही कमी रानटर्की उरल्या होत्या. 1954 पासून दक्षिणेकडील पेक रँचच्या रानात त्यांना जाळ्याने पकडून, जेथून त्या नाहीशा झाल्या होत्या त्या परगण्यांत नेऊन सोडण्याचे काम खात्याने चिकाटीने केले, आणि 1960 साली चौदा परगण्यांत तीन दिवसांचा पहिला हंगाम उघडला तेव्हा 94 पक्ष्यांची नोंद झाली. या कामाच्या खर्चाचा मोठा भाग शिकाऱ्यांनीच उचलला आहे: बंदुका व दारूगोळा यांवरचा जो कर 1937 च्या कायद्याने वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राखून ठेवला तो 1972 च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांनाही लागू झाला, आणि माझ्यासारख्या स्वयंसेवी शिक्षकांचे वर्ग त्याच रकमेतून चालतात. जे पक्षी इतक्या लोकांच्या हातून मेले आणि इतक्याच लोकांच्या हातून परत आले, त्यांतला एक मारण्याचा परवाना हाती घेणे ही हलकी गोष्ट नव्हे, असे मला प्रथमपासून वाटत आले आहे.

माझी आई पुण्याहून पत्रे लिहीत असे. मी धनुर्विद्या शिकते आहे हे तिला कळले तेव्हा तिने लिहिले, “तू जनावरांना वाचवायचं शिकलीस, ते सोडून हे काय आरंभलंस?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी तिला प्रत्यक्ष भेटीत दिले. ज्या पक्ष्यांचे मांस मी आणि माझ्या घरची माणसे खातो, ते हजारोंच्या संख्येने बंद खुराड्यांत वाढतात, त्यांच्या मरणाशी आमचा काही संबंध येत नाही, आणि मी तर त्यांच्या रोगांवर पोट भरते. वर्षातून एकदा तरी जे खायचे त्याचे मरण स्वतःच्या हाताने, डोळे उघडे ठेवून पत्करावे, एवढेच माझ्या मनात होते. आई बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “मग निदान हाल करू नकोस.” तिचा निरोप मी पाळू शकले नाही, निदान पहिल्या वेळी तरी नाही.

धनुष्य मला आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकरीबुवांनी शिकवले. कप्प्यांवरून दोरी फिरणारे आणि पूर्ण ओढल्यावर हातावरचा बराच भार हलका करणारे हे आधुनिक धनुष्य मिसूरीतच, बिलिंग्ज गावच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी शोधून काढले, आणि 1969 साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले, ही गोष्ट ते मला अशा अभिमानाने सांगत की जणू ॲलन त्यांच्या भावकीतलेच होते. माझ्या बेताच्या ताकदीला साजेल असे अडतीस पौंड ओढीचे धनुष्य त्यांनी मला निवडून दिले. 1 जानेवारी 1967 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बहुतेक शिकाऱ्यांना या राज्यात शिकारीचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. मी त्या तारखेनंतरची असल्यामुळे तोही घेतला. फाळ मात्र मी स्वतः निवडला. बाणाच्या टोकाशी बसवायच्या या पोलादी पात्यांच्या रचनेला इकडे ब्रॉडहेड म्हणतात. मी तिला फाळ म्हणते. दुकानाच्या काचेआड मांडलेल्या फाळांतून मी तो घेतला ज्याची पाती उडताना मिटलेली राहतात आणि आघाताबरोबर दोन इंच रुंद उघडतात. जखम जितकी रुंद तितका मृत्यू खात्रीचा आणि लवकर, अशी माझी समजूत होती.

2006 च्या एप्रिलातली ती सकाळ. डॉगवूडची पांढरी फुले रानभर उमललेली होती आणि ओकला उंदराच्या कानाएवढी पालवी आली होती. शेतकरीबुवांच्या कुरणाच्या कडेला कापडी खोपीत आम्ही दोघे पहाटेपासून बसलो होतो, आणि समोर काही यार्डांवर एका कोवळ्या नराची नकली प्रतिमा उभी केली होती. साडेसातच्या सुमारास ओढ्याच्या बाजूने एक पोक्त नर आला. प्रतिमा दिसताच त्याने पिसारा उभा केला, पंख जमिनीला घासत, छाती फुगवीत, डोक्याचा पांढरा आणि मानेचा लाल-निळा रंग क्षणाक्षणाला बदलत तो सतरा यार्डांवर तिरपा उभा राहिला. त्या काळ्या, गोल, चकाकणाऱ्या डोलाऱ्याच्या बरोबर मध्यावर मी नेम धरला आणि बाण सोडला.

ओल्या घोंगडीवर काठी मारावी तसा आवाज झाला. पक्षी उसळला, त्याचा पिसारा एकदम मिटला, आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तो निम्म्याहून लहान झाला. हे दृश्य मी कधीही विसरणार नाही, कारण मी ज्याच्यावर नेम धरला होता तो पक्षी तेथे नव्हताच, ती नुसती पिसे होती, हे मला तेव्हा, बाण सुटून गेल्यानंतर, समजले. बाण अंगात तसाच लोंबत ठेवून तो सीडरच्या झाडीकडे पळाला. चाळीस पावलांवर बाण गळून पडलेला सापडला. त्याच्या दांड्यावर जेमतेम चार बोटे रक्त लागले होते.

हरणाचा रक्ताचा माग काढता येतो. टर्कीच्या अंगावर पाच-सहा हजार पिसे असतात आणि जखमेतून येणारे रक्त ती टीपकागदासारखी शोषून घेतात. जमिनीवर थेंब पडतच नाहीत. आम्ही दोघे गुडघ्यांवर रांगत, वाळलेली पाने उलटी करीत, त्या झाडीत फिरलो. एक वाजला तेव्हा त्या दिवसाची शिकारीची वेळ संपली; धनुष्य गाडीत कुलूपबंद करून आम्ही रिकाम्या हातांनी पुन्हा शोधावयास लागलो. जखमी प्राणी शोधण्याचा वाजवी प्रयत्न करणे येथे कायद्याने बंधनकारक आहे, पण त्या दिवशी कायद्याची आठवण आम्हांला झाली नाही. अंधार पडल्यावर शेतकरीबुवा म्हणाले, “डॉक्टर, आता घरी चला. उद्या उजाडताच येऊ.” रात्री मला झोप लागली नाही हे सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, बाण मारल्या जागेपासून सहाशे पावलांवर, एका लाल सीडरच्या बुंध्याशी, खाली लोंबलेल्या फांद्यांच्या आत तो सापडला. पंख अंगाशी घट्ट ओढून, डोके छातीत खुपसून तो बसल्या जागी मेला होता. मी त्याच्या पायाला हात लावला. सांधे अजून पुरते ताठरले नव्हते. हजारो मृत पक्षी हाताळलेल्या माणसाला या एका स्पर्शाने जे कळायचे ते कळते. त्याने ती सारी रात्र काढली होती आणि बहुधा सकाळही पाहिली होती. मी परवान्याला खाच पाडली, त्या रात्री दहाच्या आत दूरध्वनीवरून नियमाप्रमाणे नोंद केली, आणि मग गाडीखान्यातल्या मेजावर, नोकरीत रोज करते तशाच पद्धतीने, त्याचे शवविच्छेदन केले.

फाळाची पाती खाली सोडलेल्या पंखाच्या ताठ पिसांवर आपटताच उघडली होती, आणि अडतीस पौंडांच्या धनुष्याने दिलेल्या जोरातला मोठा वाटा तेथेच खर्ची पडला होता. उरलेल्या जोराने बाण छातीच्या मांसात शिरून उरोस्थीच्या उभ्या कडेला खरचटून थांबला होता. हृदय, फुफ्फुसे आणि यकृत तिन्ही अभंग होती. छातीच्या स्नायूतील एक रक्तवाहिनी अर्धवट कापली गेली होती आणि तिच्यातून चोवीस तास थोडे थोडे रक्त झिरपत राहिले होते. निदानशाळेच्या छापील नमुन्याबरहुकूम मी अहवाल लिहिला. ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यात लिहिले: संथ रक्तस्राव, नेम खाली व पुढे, फाळ धनुष्याच्या ताकदीस विजोड. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, आणि माझ्या वर्गात जे जे शिकवते ते सारे त्या एका ओळीचे स्पष्टीकरण आहे.

नेम खाली व पुढे का गेला? कारण चतुष्पादाचा नकाशा माणसाच्या मनात इतका पक्का बसलेला असतो की पक्षी पाहतानाही तोच डोळ्यांसमोर येतो. हरणाची फुफ्फुसे म्हणजे छातीचा पिंजरा भरून टाकणाऱ्या दोन मोठ्या पिशव्या. पुढच्या पायामागे, खालच्या तृतीयांशात बाण गेला की प्राणी काही क्षणांत कोसळतो. पक्ष्याची गोष्ट निराळी आहे. त्याची फुफ्फुसे लहान असतात, फुगत नाहीत, आणि वर, कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खोबणीत घट्ट चिकटून बसलेली असतात. श्वासाची हालचाल घडवतात त्या शरीरभर पसरलेल्या पातळ वायुपिशव्या, आणि त्या फाटल्या तरी रक्त वाहत नाही. पडदा नसलेल्या त्या पोकळीत फुफ्फुसांच्या खाली, मध्यरेषेवर, हृदय असते. आणि हरणात जेथे प्राण असतो तेथे, खाली व पुढे, या पक्ष्याच्या अंगावर उड्डाणाच्या स्नायूंचा तो जाड उंचवटा असतो, ज्याला आपण छाती म्हणून चवीने खातो. त्यातून बाण गेला तर पक्षी पळतो, उडतो, आणि कोठे तरी सीडरखाली जाऊन बसतो. थोडा वर गेलेला बाण कणा तरी मोडतो. थोडा खाली गेलेला काहीच साधत नाही.

म्हणून पक्षी आडवा आणि पिसे मिटून उभा असेल तर मी दोन खुणा धरते: पंख जेथे अंगाला जोडलेला असतो ते मूळ, आणि पायाची रेषा सरळ वर नेली असता ती जेथे अंगाच्या मध्यावर पोचते ते स्थान. या दोहोंच्या मध्ये जेमतेम चार इंच व्यासाचा जो भाग सापडतो त्यात हृदयाचे शिर, दोन्ही फुफ्फुसे आणि कणा यांपैकी काही ना काही येतेच. पुढे चूक झाली तर दोन्ही पंख मोडतात, मागे झाली तर मांडी वा श्रोणी मोडते, आणि मोडलेला पक्षी दृष्टीआड जात नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. पाय धड असलेली टर्की माणसाहून कितीतरी वेगाने पळते.

समोरून आलेल्या पक्ष्याच्या छातीवर केसांसारखी दिसणारी पिसांची जी दाढी लोंबते, तिच्या उगमाच्या किंचित वर, बरोबर मध्यरेषेवर नेम धरावा. पण तेथे दोन बोटे डावीउजवीकडे झाली की पुन्हा तेच छातीचे मांस. या जागेचा सल्ला मी नवशिक्याला देत नाही. पाठमोरा पक्षी पिसे मिटून उभा असेल तर दोन्ही पंखांच्या मधोमध कण्यावर. आणि पाठमोरा असून पिसारा उभारलेला असेल तर शेपटीच्या बुडाशी, पंख्याच्या काड्या जेथे एकत्र येतात त्याच्या खाली, गुदद्वारावर. ऐकताना हे कोणालाही रुचत नाही, मलाही प्रथम रुचले नव्हते. परंतु तेथून शिरलेला बाण कण्याखालून पुढे सरळ फुफ्फुसांकडे व हृदयाकडे जातो, आणि शिवाय उभ्या पंख्यामुळे त्या क्षणी पक्ष्याला मागचे काही दिसत नाही. जवळजवळ सर्व बाजूंनी पाहू शकणाऱ्या या पक्ष्यासमोर धनुष्य ओढायला तेवढीच संधी मिळते. नकली नर खोपीकडे तोंड करून मांडण्याची वहिवाट त्याचसाठी आहे: खरा नर त्याच्या समोर येऊन भिडतो आणि आपली पाठ शिकाऱ्याकडे करतो.

तिरपा आणि फुललेला नर मात्र सोडून द्यावा. माझ्या पहिल्या पक्ष्याची हीच अवस्था होती. त्या गोलाच्या आत शरीर कोणत्या कोनात आहे हे वीस वर्षे पक्षी उघडणाऱ्या मलाही बाहेरून सांगता येत नाही.

आता फाळाविषयी. धनुर्वेदाच्या ग्रंथांत बाणाग्रांचे क्षुरप्र, भल्ल, वत्सदंत, सूचीमुख, अर्धचंद्र असे प्रकार सांगितले आहेत, आणि दुकानातील काचेच्या कपाटासमोर उभी राहिले की त्या नावांची मला हटकून आठवण होते, कारण काय कापायचे आहे त्यावरून पात्याचा आकार ठरवण्याची ती दृष्टी आजही तीच आहे. वजने ग्रेनमध्ये मोजतात. कंपनी सरकारने 1833 साली 180 ग्रेनचा जो तोळा ठरवला त्यातलाच हा ग्रेन. तेव्हा शंभर ग्रेनचा नेहमीचा फाळ अर्ध्या तोळ्याहून थोडा अधिक भरतो. एवढ्याशा लोखंडावर इतके अवलंबून असते.

पाती उघडणारा फाळ वाईट नाही. ज्याचे धनुष्य साठ-पासष्ट पौंडांचे आहे त्याने तो खुशाल वापरावा. चार इंचांच्या लक्ष्यावर दोन इंच रुंदीची कापणी ही मोठी सवलत आहे आणि मिटलेल्या स्थितीत तो सरावाच्या टोकासारखाच सरळ उडतो. पण उघडण्याची क्रिया फुकट होत नाही, तिची किंमत बाणाच्या जोरातून वळती होते, आणि माझ्यासारख्या हलक्या ओढीच्या धनुर्धराला ती परवडत नाही. मी 2007 पासून सव्वाशे ग्रेनचा, स्थिर पात्यांचा, टोकापासूनच कापत जाणारा फाळ वापरते. त्याची रुंदी सव्वा इंचाहून कमी आहे, पण तो कातडी भेदताना अडत नाही, हाडाला भिडला तरी पुढे जातो, आणि त्याची पाती मला स्वतः पाजळता येतात. ताणलेल्या रबराच्या पट्टीवर हलकेच टेकवताच ती तुटली नाही तर तो फाळ त्या दिवशी भात्यात जात नाही. अशी स्थिर पाती वारा धरतात आणि बाणाला बाजूला ओढतात, म्हणून ज्या फाळाने शिकार करायची त्याच जातीच्या फाळाने सराव केला पाहिजे; बोथट टोकावर साधलेला नेम येथे कामाचा नाही.

तिसरा प्रकार मानेसाठीचा. यात लांब, उघडी, सुऱ्यांसारखी पाती दोन-अडीच इंचांपासून जवळजवळ चार इंचांपर्यंत पसरलेली असतात, आणि बाण लागला तर मान कापली जाते, चुकला तर पक्षी अस्पृष्ट उडून जातो. मधली अवस्था फारशी संभवत नाही, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. हा युक्तिवाद मी मनापासून विचारात घेतला आहे. त्याला बाणाची पूर्ण लांबी ठेवावी लागते, मोठी पिसे लावावी लागतात, आणि दहा-बारा यार्डांपलीकडे त्याचा भरवसा राहत नाही. हे सारे पथ्य पाळून, वेगळा सराव करणाऱ्या धीराच्या माणसाच्या हाती तो उचित आहे. मात्र साध्या फाळाने डोक्यावर नेम धरणे मी माझ्या वर्गात स्पष्टपणे निषिद्ध मानते. चिमुकला मेंदू, आणि जे डोके चालताना, टिपताना, पाहताना क्षणभरही स्थिर नसते. तेथे जबडा उडालेला, उपाशी मरणारा पक्षी हाच बहुधा परिणाम होतो.

बाण आरपार जावा की अंगात राहावा, यावर आमच्याकडे रात्र-रात्र वाद चालतात. अंगात राहिलेला बाण पंखांना अडवतो, असे एक पक्ष म्हणतो. दोन छिद्रांतून रक्त लवकर जाते, असे दुसरा. मला वाटते, कणा, पंख किंवा मांडी मोडली असेल तर हा वाद निरर्थक आहे, आणि मोडली नसेल तर तो पक्षी सापडेल याची हमी दोन्ही पक्षांना देता येणार नाही.

2008 पासून मी हा वर्ग घेते. काही वर्षांपूर्वी सोळा वर्षांची एक शाळकरी मुलगी, आपल्या आजोबांबरोबर, चाळीस पौंडांचे धनुष्य घेऊन आली होती. तिची सुई छातीच्या मांसात, माझ्या त्या पहिल्या बाणाच्या जवळजवळ त्याच जागी गेली होती. ती काही बोलली नाही. उघडलेल्या पक्ष्याच्या फुफ्फुसांवर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली, आणि जाताना नग्न बाजूचे एक चित्र पेन्सिलीने वहीत काढून घेऊन गेली. त्या एप्रिलात तीन सकाळी तिच्यापुढे बारा-पंधरा यार्डांवर नर आला, तिन्ही वेळा तो फुललेला आणि तिरपा राहिला, आणि तिन्ही वेळा तिने ओढलेली दोरी हळूच परत सोडून धनुष्य खाली ठेवले. चौथ्या सकाळी नराने पिसे मिटली आणि तो आडवा वळला. दुपारी तिचे आजोबा पक्षी घेऊन माझ्या दारात आले, कारण बाण कोठे गेला ते तिला माझ्याकडून पाहून घ्यायचे होते. आम्ही तिघांनी तो गाडीखान्यातल्या त्याच मेजावर उघडला. दोन्ही फुफ्फुसांतून आणि हृदयाच्या मुळाशी असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून स्थिर पात्यांची स्वच्छ रेघ गेली होती. तो चार पावलेही चालला नव्हता.

सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी येथे नोकरीनिमित्त आलेले आपले मराठी तरुण अलीकडे हौसेने धनुष्य घेतात आणि वसंतात परवानाही काढतात. त्यांतील दोघे-तिघे मला फोन करून विचारतात की कोणता फाळ घ्यावा. त्या सर्वांना माझी एकच विनंती आहे. धनुष्याची ओढ आणि फाळाची रुंदी ठरवण्यापूर्वी एक पक्षी उघडून पाहा, आणि त्या चार इंचांवर स्वतःचे बोट ठेवा. वर्ग मार्चच्या दुसऱ्या शनिवारी नऊ वाजता असतो, शुल्क नाही, आणि पक्षी व सुया मी आणते.